मांसाहारी तरुण पाहुणे शाकाहारी पानावरून अर्धपोटी उठत असतील तर

आमचं घर इंदूरला, राजेंद्रनगरात. स्वयंपाकघर पूर्ण शाकाहारी, अंडंही आत येत नाही. राऊला आयआयएम आणि सिमरोलला आयआयटी, त्यामुळे नात्यातली, ओळखीतली पोरं सुट्टीच्या दिवशी जेवायला येतात आणि वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींना घेऊन येतात. कुणी कोलकात्याचा, कुणी कोट्टायमचा, कुणी शिलाँगची, कुणी थेट कोल्हापूरचा. घरी मासे नाहीतर मटण-चिकन नेहमीचं. ही मुलं आपल्या पानावर बसली की एक ठरावीक अडचण येते. आमच्याकडे येते, बहिणीकडे येते, शेजारी येते. मी ती इतक्यांदा निस्तरली आहे की आता उरलेलं ताट पाहिलं की कारण कळतं. फोनवर प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवते.

मांस नव्हतं म्हणून मुलं उपाशी राहिली, हे बहुतेक वेळा खरं नसतं. जे कमी पडलं ते आपल्याच डब्यांत असतं. फक्त काय कमी पडलं ते नीट शोधावं लागतं. लगेच पनीर आणायला धावू नये.

लक्षणं

चेहऱ्याकडे बघून काही कळत नाही. या वयाची मुलं "बहुत अच्छा बना है आंटी" म्हणणारच, चांगल्या घरची असतात. ताट आणि भांडी बघा.

– पोळ्या दोनच्या पुढे जात नाहीत, पण पापड, कुरडया आणि भजी यांचा फडशा पडतो.
– आमटीची वाटी तशीच राहते. साधं वरण-भात मात्र लोणच्याबरोबर संपतं.
– भाजी ताटात इकडून तिकडे सरकत राहते.
– जेवण भरपूर होतं, कौतुकही मनापासून होतं, आणि दीड-दोन तासांत फाटकाशी डिलिव्हरीवाला उभा राहतो.
– पुढच्या बोलावण्याला "सबमिशन आहे" असं उत्तर येतं.

हे पाच वेगवेगळे बिघाड आहेत. पापड आधी संपला तर पानात चावण्यासारखं काही नव्हतं. आमटी राहिली तर बहुधा गूळ नडला. भाजी सरकत राहिली तर चव सपाट होती. रात्री डिलिव्हरीवाला आला तर पोट भरलं पण टिकलं नाही. आणि शेवटचं लक्षण स्वयंपाकाचं नसतंच, ते पंगतीतल्या बोलण्याचं असतं. लक्षण जुळलं तरी तपासणी क्रमानेच करा, कारण वरची कारणं फुकटात दूर होतात.

आधी हे बघा: भूक होती का?

इंदूरमध्ये हा प्रश्न पहिला. बाहेरची मुलं शहर बघायला निघतात आणि पाचच्या सुमारास छप्पन दुकानला पोचतात. कचोरी, खोपरा पॅटिस, वर सुक्या मेव्याची दाट शिकंजी. मग साडेसातला आपल्या पानावर बसून ती दोन पोळ्या खातात आणि आपण रात्रभर विचार करतो की भरली वांगी का राहिली. कधी गुन्हेगार आपणच असतो: सहाला पोहे, त्यावर मूठभर सेव, शिवाय चहाबरोबर चकल्या. बोलावताना स्पष्ट सांगा, "दुपारनंतर काही खाऊ नका, नऊला जेवू." वसतिगृहातली मुलं तशीही नऊच्या आधी जेवत नाहीत. यानेच सुटलेली घरं मी पाहिली आहेत.

पंगतीत कोण काय बोलतं?

"बघ, मांसाशिवायही किती छान लागतं!" हे वाक्य प्रेमाने येतं, पण समोरच्याला ते आपल्या घरच्या जेवणावरचा शेरा वाटतं. वर कुणी काका सात्त्विक आहारावर बोलायला लागले की मुलगा मान खाली घालून भरभर जेवतो आणि उठतो. ज्याच्या आजीने त्याला माशाचे काटे काढून भरवलं, त्याला त्या जेवणाबद्दल कानकोंडं व्हायची वेळ आपल्या घरात येऊ नये. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. घरातल्या मोठ्यांना आधीच, हात जोडून सांगून ठेवा. उलट त्यांनाच विचारा की तुमच्याकडे रविवारी काय शिजतं, कोण करतं. मुलं खुलतात, आणि त्या उत्तरात तुमचा पुढचा बेत असतो.

म्हणून तो प्रश्न बोलावतानाच विचारलेला बरा. "शाकाहारी चालेल ना?" असं विचाराल तर "चालेल" हेच येईल, त्याचा काही उपयोग नाही. "घरी रविवारी काय होतं?" असं विचारा. भात खाणारा की पोळी, रस्सा की सुकं, आंबट कशाने, तिखट किती, सगळं कळतं. बंगाली आणि मल्याळी मुलांना भात शेवटी दोन घास म्हणून वाढला तर ती जेवलीच नाहीत असं समजा. त्यांना पहिल्यापासून भात हवा, आणि तो भरपूर हवा. याच फोनवर ॲलर्जीही विचारा. त्याबद्दल शेवटी लिहिते, ते वगळू नका.

गूळ काढा

तिसरी फुकट तपासणी. आपल्या आमटीत, भरल्या वांग्यात, मटकीच्या उसळीत गुळाचा खडा सवयीने पडतो. आपल्या जिभेला तो कळतही नाही. जिच्या घरी कालवणात गोड कधीच नसतं, तिला पहिल्याच घासाला ते खटकतं आणि वाटी बाजूला जाते. गूळ पूर्ण बंद करा, चिंच-आमसूल थोडं वाढवा. मीठही त्यांच्या बाजूने नीट लागलंय का ते पाहा. गूळ काढल्यावर मिठाचा अंदाज बदलतो. घरच्यांना गोड हवं असेल तर त्यांची आमटी वेगळी काढून त्यात घाला.

पानाच्या कडेला मात्र जोरदार गोष्टी ठेवा. लिंबाच्या मोठ्या फोडी, कच्चा कांदा, लसणाची लाल चटणी, मिरचीचा ठेचा आणि वाटीभर जिरावन, म्हणजे आपली इंदुरी आंबट-तिखट मसाल्याची पूड. जिरावन आपण पोह्यांवर घेतो, पण दहीभातावर, तळलेल्या बटाट्यावर, थेट काकडीवरही मुलं ते भुरभुरतात. थंडीत गराडू हा कंद मिळतो तेव्हा तळलेला गराडू, लिंबू आणि जिरावन समोर ठेवून बघा. बाहेरून कडक, आतून भरीव, आंबट-तिखट. त्यात कांदा-लसूण लागत नाही, आणि मी तो दर थंडीत करते.

दाताला काम आहे का?

आता थोडे कष्ट. तयार पान समोर घ्या आणि प्रत्येक पदार्थ बोटाने दाबून बघा. वरण मऊ, बटाट्याची भाजी मऊ, दुधीची त्याहून मऊ, खिचडी मऊ, श्रीखंडही मऊ. मांसाहारी माणूस घास चावून खातो, तोडतो, ओढतो. आपलं अख्खं पान गिळता येतं. त्याला काय चुकतंय हे सांगता येत नाही, तो फक्त पापड मागत राहतो.

पानात निदान दोन गोष्टी दाताला अडणाऱ्या हव्यात. पाटवड्या थोड्या जाड थापून, गार करून, कापून रश्श्यात अगदी वाढताना सोडाव्यात. आधीपासून रश्श्यात पडून राहिल्या तर त्यांचा लगदा होतो. अख्खा मसूर शिजलेला पण सालीसकट उभा असावा. सुरणाचे काप चिंचेच्या पाण्यात उकळून, निथळून, रवा लावून तव्यावर कडक करावेत. चिंच टाळू नका, सुरण घशाला खाजतं. कच्च्या फणसाची भाजी रेषेरेषेने सुटते म्हणून लोकांना ती मांसासारखी वाटते आणि मुलांना आवडतेही. फक्त लक्षात ठेवा की तिच्यात प्रथिनं फारच थोडी असतात, त्यामुळे तेवढ्यावर रात्र निघत नाही.

सोयाबीनच्या वड्या वापरणार असाल तर उकळून, गार पाण्यात टाकून, मुठीत घट्ट पिळायच्या, आणि हे दोनदा करायचं. तो कच्चट वास त्या पाण्यात जातो. मग दही-मसाल्यात मुरवून लोखंडी कढईत कोरड्या परतायच्या. न पिळता थेट रश्श्यात टाकलेली सोयावडी हेच अनेक मुलांचं शाकाहाराशी भांडण असतं. आणि कृपा करून तिला "व्हेज मटण" म्हणू नका. ज्याने खरं मटण खाल्लंय तो तुलना करणार आणि वडी हरणार. पाटवडी ही पाटवडी म्हणूनच आली की तिची तुलना कशाशीच होत नाही.

खरपूसपणा: सगळ्यात जास्त घरं इथे अडकतात

भाजी सरकवण्याचं हे मुख्य कारण. मांस भाजताना जो तपकिरी रंग आणि वास येतो, तो प्रथिनं आणि साखर यांच्या एकमेकांवरच्या क्रियेतून येतो. ती क्रिया जोमाने व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअस आणि त्यावर तापमान लागतं. कढईत पाणी असेपर्यंत पदार्थ १०० अंशांच्या वर जातच नाही. आपण भाजी टाकतो, मीठ टाकतो, वर झाकण ठेवून झाकणात पाणी ओततो. भाजी शिजते, पण ती उकडलेली असते. तो खमंग वास तिच्यात येऊच शकत नाही, मसाला कितीही घाला.

तपासणी सोपी आहे. शिजलेल्या भाजीचा एक तुकडा पांढऱ्या ताटलीत ठेवा. कडा तपकिरी आहेत का? नसतील तर पुढचं करून बघा. पसरट लोखंडी कढई किंवा तवा घ्या, तो आधी नीट तापवा. भाजी धुतल्यावर कोरडी करा. एका वेळी थोडीच टाका. गर्दी झाली की सुटलेल्या वाफेत सगळं परत उकडतं. मीठ शेवटी. पनीर असेल तर टिपकागदाने कोरडं करून, एका बाजूला रंग येईपर्यंत न हलवता ठेवा.

वाटणाचंही तेच. कांदा गुलाबी करून सोडू नका. मध्यम आचेवर निदान पंधरा-वीस मिनिटं, गडद तपकिरी होईस्तोवर. सुकं खोबरं वेगळं, जवळजवळ कॉफीच्या रंगाचं. वाटण तेलात परतताना कडेला तेल सुटलं की लगेच पाणी ओतू नका, आणखी पाच मिनिटं द्या. कोल्हापूरकडच्या मुलाला तांबड्या रश्श्याची आठवण येते ती बरीचशी या परतण्याच्या वासाची. आमच्याकडे एका कोल्हापूरच्या मुलाने अख्ख्या मसुराचा पहिला घास घेतला, भाकरी खाली ठेवली, वाटी नाकाजवळ नेली आणि नुसता वास घेत बसला. त्या दिवशी मसूर नेहमीचाच होता, वाटण तेवढं काळपट भाजलेलं होतं.

धुरासाठी एक जुना उपाय: पेटता कोळसा वाटीत ठेवून ती वाटी उसळीच्या पातेल्यात ठेवा, कोळशावर चमचाभर तूप सोडा, झाकण घट्ट लावा. तीन-चार मिनिटं पुरे. जास्त ठेवलं तर कडवट होतं. वांग्याचं भरीत करणार असाल तर वांगं थेट आचेवर, साल पूर्ण काळी होऊन आतून रस सुटेपर्यंत. ओव्हनमधल्या वांग्याला तो वास नसतो. शिलाँगच्या एका मुलीला मी भरीत, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि ज्वारीची भाकरी वाढली. घरी चुलीवर मांस धुरवतात, तिला हा वास ओळखीचा होता, तिने पातेलं भाकरीने पुसून खाल्लं.

चवीचा तळ

खरपूसपणा असूनही रस्सा पातळ-पातळ, पोकळ लागत असेल तर ग्लुटामेट, म्हणजे रश्श्याला भरीव चव देणारं द्रव्य, कमी आहे. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ते वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. मांसात ते असतं, आणि त्याची चव कित्येक पट वाढवणारं इनोसिनेटही असतं. आपल्याकडे ग्लुटामेटसाठी पूर्ण पिकलेला टोमॅटो आहे. तो चिरून दोन उकळ्या काढून भागत नाही. तेल सुटून त्याचा गडद लगदा होईपर्यंत आटवायला हवा. घरात अळंबी चालत असेल तर सुकी शिटाके अळंबी भिजवून तिचं पाणी रश्श्यात घाला. तिच्यात ग्वानिलेट असतं, ते टोमॅटोबरोबर इनोसिनेटसारखंच काम करतं. मालवी सेव-टोमॅटो मुलांना हमखास आवडतो तो टोमॅटो असा आटवलेला असेल तर. सेव वाढताना घाला.

कांदेनवमी झाली की अनेक घरांत चार महिने कांदा-लसूण-वांगं बंद. तेव्हा टोमॅटो, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, दगडफूल आणि सढळ हिंग यांवर भिस्त ठेवा. थोडं कमी पडतं, पण खूप नाही.

रात्रीचा डिलिव्हरीवाला

हे प्रथिनांचं गणित. १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये साधारण २५ ते ३० ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर पातळ वरणात जेमतेम ५-६. शिजलेल्या काबुली चण्यांत दर १०० ग्रॅमला ८-९, पनीरमध्ये १८ च्या आसपास, शेंगदाण्यांत २५, सुक्या सोयावडीत ५० च्या पुढे. बटाटा-भात-पोळी-शिरा एवढंच पोटात गेलं की पोट तट्ट फुगतं आणि दोन तासांत रिकामं वाटतं. म्हणून डाळ दाट ठेवा, वाटी मोठी द्या, आणि उसळ तोंडी लावण्यापुरती न करता पातेलंभर करा. जोडीला घट्ट दही.

कडधान्याची सवय नसलेल्या पोटाला एकदम मोठी वाटी जड जाते, गॅस होतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात शिजवा. राजमा असेल तर हे सक्तीचं समजा. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यातलं लेक्टिन विषारी असतं, दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. कुकरमध्ये पूर्ण मऊ शिजवा. मंद तापमानावर शिजवणाऱ्या इलेक्ट्रिक भांड्यात थेट राजमा कधीही टाकू नका.

सगळ्यात अवघड: पानाचा सांगाडा

इतकं करूनही मुलं चाचपडत असतील तर बेतच बदलावा लागतो. त्यांच्या घरच्या जेवणात एक मुख्य पदार्थ असतो, बाकी सगळं त्याच्या भोवती. आपल्या पानात डावी-उजवी मिळून दहा गोष्टी चमचा-चमचा असतात, आणि कशाने जेवायचं तेच नवख्याला कळत नाही. वर्षानुवर्षांची सवय असल्याने घरच्यांना हे पटवणं कठीण जातं. तरी चार भाज्यांऐवजी एकच पदार्थ करा, भरपूर करा, मध्ये पातेलं ठेवा. पाटवडी रस्सा आणि भाकरी. अख्खा मसूर. मालवणच्या मुलासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. तो पदार्थ त्याच्याच घरचा, आणि मुळातच शाकाहारी. प्रत्येक प्रांतात असे पदार्थ आहेत. बंगाल्यांची छोलार डाळ, केरळची कडला करी. फोनवर आईकडून कृती मागवून घ्या, मुलगाच कढईशी उभा राहतो.

भुट्ट्याचा कीस सुरुवातीला छान, पण तो दुधात शिजवलेला मऊ पदार्थ आहे. मुख्य म्हणून ठेवू नका.

कुठे थांबायचं

आपल्या शाकाहारी स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठेही असतं: खिचडीत, भरल्या भाजीत, कोशिंबिरीत, चटणीत. शिवाय तीळ, काजू, खोबरं. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला पाहुणा असेल तर कूट त्या दिवशी स्वयंपाकघरातच नको, खलबत्ता आणि मिक्सरचं भांडंही धुतलेलं हवं. जेवताना कुणाचे ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या, श्वासात घरघर आली, चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून थेट रुग्णालयात न्या. त्याच्याकडे ॲड्रिनालिनचं इंजेक्शन असेल तर ते आधी. राजम्यानंतर किंवा कशानंतरही उलट्या थांबत नसतील तरी डॉक्टर.

मुलगा तुमच्याकडेच राहत असेल आणि आठवडेच्या आठवडे कमी खात असेल, वजन उतरत असेल, तर तो पदार्थांचा प्रश्न राहिलेला नाही. भाजी बदलत बसू नका. घरच्यांना कळवा आणि डॉक्टरकडे न्या. गरज असेल तर ते आहारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवतील.

एखाद्याला मासे हवेच असतील तर त्याला बाहेर जाऊन खाऊन येऊ द्या, आणि आल्यावर "कुठे गेला होतास" विचारू नका.

आणि संख्या पंचवीसच्या पुढे गेली तर आचारी बोलवा. घरच्या शेगडीवर तेवढ्यांचं वाटण गडद परतलं जात नाही, कढईत गर्दी होते आणि वर लिहिलेलं सगळं वाया जातं. दाल-बाफले ठरवा: बाफले आधी पाण्यात उकडून, मग गोवऱ्यांवर भाजून, तुपात बुडवायचे असतात, ते काम त्याचंच. बाहेरून कडक, धुराचा वास, सोबत दाट डाळ, तरुण मुलांना हे पान अचूक बसतं. दुपारी ठेवा, रात्री फार जड होतं. आचाऱ्याला आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगा: डाळीत गूळ नको, लसणाची चटणी दुप्पट, आणि शेंगदाणे कशातही नकोत.